वाडीची राहिलेली फेरी

डिसेंबरातला दुसरा रविवार, दुपारी तीन. स्थळ: शहापुरातलं सभागृह.

हजर: केशव भोईर, म्हणजे मास्तर. प्रोजेक्टरवर सुनील देसले. चिटणीस म्हणून मी. माझी आई. मुंबईचे पाहुणे दोन. शहापूरचे प्रेक्षक चाळीसेक. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरून आलेले एकवीस, त्यांत पारूआजी. गोधड्या अकरा, लागल्या नाहीत.

ही नोंद माझ्याच वहीतली आहे. आमच्या चित्रपट मंडळाच्या सगळ्या नोंदी मी ठेवते. पेशाने मी कॉलेजच्या ऑफिसात आहे. याद्या करणं, खुणा करणं, राहिलेलं पुढच्या पानावर घेणं हे मला येतं. या नोंदीत एकही आकडा चुकलेला नाही. त्या दिवशी मी काय केलं एवढंच तिच्यात नाही. ते सांगायचं तर आधी मास्तर सांगायला हवेत.

मास्तर एसटीत कंडक्टर होते. कंडक्टरला ड्रायव्हर मास्तर म्हणतात, तेच नाव दोन्ही तालुक्यांत झालं. शहापूर ते मुरबाड आणि आतल्या गावांच्या गाड्या त्यांनी आयुष्यभर केल्या. शेणव्याला कोण कुठल्या झाडाखाली उभं राहतं, कुणाची सासुरवाडी कुठल्या फाट्यावर आहे, हे त्यांना ठाऊक होतं. उंच, सडपातळ, मान जरा पुढे वाकलेली. बसच्या छताखाली वाकून वाकून तशी झाली असं ते सांगत. डाव्या मनगटावर घड्याळ आणि त्याच्या पट्ट्याखाली कायम एखादा घडी घातलेला कागद. खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. बोलता बोलता तो रिकामाच दाबायचे. कट्, कट्. सभेत कुणी लांबण लावली की हा आवाज यायचा.

आमचं मंडळ महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतं. एकदा शहापूर, एकदा मुरबाड, एकदा मधलं एखादं गाव. फुकट. एकदा मुरबाडच्या एका सभासदाने थोडं तरी तिकीट लावा असं सुचवलं. मास्तर म्हणाले, "तिकीट लावलं का दारात मला उभं राहून कुणाला तरी खाली उतरवायला लागंल. ते आयुष्यभर केलं. आता नाय." विषय तिथे संपला.

तिकीट नव्हतं, पण गोधडी होती. खेळ दुपारी असायचे, कारण संध्याकाळी वाड्यांवरच्या बायकांना चूल असते. दुपारी शाळेच्या खोलीत अंधार कुठून आणायचा? मास्तरांनी नियम केला: घरटी एक गोधडी आणायची, ती खिडकीला टांगायची. दोरी आणि खिळे ते स्वतः आणत. दारात उभे राहून म्हणत, "गोधडी आन गो, नायतर उन्हातच सिनेमा बघशील." बायका उलट त्यांनाच सुनवत, "मास्तर, तुमच्या घरची कुठंय? वहिनीनं दिली नाय वाटतं?" चार खिडक्यांना आठ-दहा गोधड्या लागल्या की खोली खरंच काळोखी व्हायची आणि तिला धुराचा, कापडाचा, माणसांचा वास यायचा.

मग घंटा. भंगारात निघालेल्या एका बसची घंटा त्यांनी दोरीसकट मिळवली होती. ती दाराच्या चौकटीला टांगायची. दोन ठोके म्हणजे चालू, एक ठोका म्हणजे थांब. मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद करून येणारा आमचा सुनील त्यांच्या दृष्टीने ड्रायव्हर. एका खेळाला ते फेरी म्हणत.

मास्तर सिनेमा सांगत असत. हे नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

मंडळ नवीन असताना शेणव्याला एक परदेशी सिनेमा लावला. भाषा परकी, खाली इंग्रजी ओळी पळणाऱ्या. वीस मिनिटांत खोलीत भाताच्या मळणीच्या गप्पा सुरू झाल्या. मास्तरांनी एक ठोका दिला. सुनीलने सिनेमा थांबवला.

"कुणाला कळतंय?" मास्तरांनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"मला पन नाय," ते म्हणाले आणि सगळे हसले.

पुढच्या महिन्याचा सिनेमा त्यांनी घरी नेला. आठ दिवसांनी एक लांबट वही घेऊन ते माझ्या ऑफिसात आले. अडलेल्या इंग्रजी ओळी उतरवून आणल्या होत्या. मी एकेका ओळीचं नीट मराठी वाक्य सांगायची. ते ऐकायचे, मान हलवायचे आणि वहीत चार शब्द लिहायचे. "माझा निर्णय आता बदलणार नाही असं ती त्याला बजावते आहे," असं मी सांगितलं की ते लिहायचे: "ती नाय म्हंते." एवढंच. मी म्हणायची, "मास्तर, अर्धं गळलं." ते म्हणायचे, "तिचं तोंड दिसंल ना, सेक्रेटरीबाई. बाकीचं त्यात हाये."

खेळाच्या वेळी ते पडद्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसत. बसच्या इंजिनावर मात करणारा आवाज होता त्यांचा, पण इथे तो अगदी खाली असे. तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाई. जे दिसतंय ते सांगायचं नाही आणि कुणी रडत असेल तर आपण गप्प राहायचं, असे त्यांचे दोन नियम होते. दीड तासाच्या सिनेमात ते जेमतेम दहा मिनिटं बोलत असतील. वहीत एका सिनेमाला एक पान. फेरी पुरी झाली की त्या पानाच्या कोपऱ्याला चिमट्याने भोक पाडायचं. भोक पाडलं म्हणजे काम झालं, त्यावर पुन्हा चर्चा नाही.

एकदा वाडीवरच्या शाळेत त्यांची चूक झाली. सिनेमात एक बाई आणि एक पुरुष एका घरात राहत होते. मास्तरांनी त्याला तिचा भाऊ म्हणून सांगितलं. अर्धा सिनेमा झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते कळलं. एक ठोका. सिनेमा थांबला. स्टुलावरून उठून ते पडद्यासमोर उभे राहिले. उजेड त्यांच्या अंगावर पडला होता.

"चूक झाली. त्यो भाऊ नाय, नवरा हाये. मी तुमाला खोटं सांगितलं. सुनील, मागं घे, पहिल्यापासून."

पारूआजी पुढच्या रांगेत होत्या. वाडीवरच्या सगळ्यांत जुन्या, ऐंशीच्या आसपासच्या. त्या म्हणाल्या, "मागं कशाला जातो रं? मला मगाशीच कळला व्हता. भावाकडं अशी कोन बघतंय?"

खोली हसून लोटपोट. मास्तरही हसले. पण सिनेमा त्यांनी पहिल्यापासूनच लावला. मी वहीत "पुनःप्रारंभ, वेळेचा अपव्यय चाळीस मिनिटे" असं लिहिलं होतं. ते शब्द आज वाचवत नाहीत.

आता डिसेंबर.

गावोगावच्या मंडळांना सिनेमे आणि साधनं पुरवणारी एक मुंबईची संस्था आमचा खेळ बघायला येणार होती. पसंत पडलं तर नवा प्रोजेक्टर आणि दर महिन्याला सिनेमे. आमच्या जुन्या प्रोजेक्टरमुळे पडद्याच्या मधोमध एक पिवळा डाग दिसायचा; प्रत्येक नायिका कावीळ झाल्यासारखी दिसे. मला तो प्रोजेक्टर हवा होता. मी दोन पानी यादी केली. शाळेची खोली नको म्हणून सभागृह घेतलं, तिथे काळे पडदे होते. फोनवर पाहुण्यांनी विचारलं होतं, "खेळ चालू असताना शांतता असते ना?" मी लगेच म्हणाले होते, "हो हो, अगदी."

फोन ठेवला आणि मला मास्तरांचं स्टूल आठवलं.

त्यांना तोंडाने सांगता आलं असतं. पण तोंडाने सांगितलं असतं तर त्यांनी "का?" विचारलं असतं आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून सकाळी खुर्च्या लावताना मी त्यांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. "आज मध्ये बोलू नये. पाहुणे आहेत. चिटणीस." त्यांनी ती वाचली. घडी घातली, घड्याळाच्या पट्ट्याखाली सारली. "बरं, सेक्रेटरीबाई," म्हणाले आणि खुर्च्या लावू लागले. यादीतल्या त्या ओळीवर मी खूण केली.

सिनेमा परक्या भाषेतलाच, पण नेमका त्यांचा होता. एक म्हातारी बाई कोंबडी घेऊन चार बस बदलत लेकीकडे जायला निघते. लेकीशी तिचं बोलणं तुटलेलं असतं, लेक दार उघडेल की नाही माहीत नसतं. मास्तरांनी तो पाच वेळा पाहिला होता. "ह्यातला कंडक्टर मला पटला नाय," ते ऑफिसात येऊन म्हणाले होते. "कोंबडीसाठी बाईला रानात उतरवतो. मी असतो तर म्हनलो असतो, पिशवीत घाल आन तिला सांग वरडू नको." वाडीवर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "आपल्या लायनीचा सिनेमा हाये, चला." म्हणून एकवीस माणसं जीप करून एवढ्या लांब आली होती. सवयीने अकरा गोधड्याही आल्या. "इथे नको आहेत," म्हणून मी त्या चपलांशेजारी कोपऱ्यात ठेवायला लावल्या.

सिनेमा सुरू झाला. मास्तर मागच्या भिंतीपाशी उभे होते. स्टूल मी आधीच आत ठेवून दिलं होतं.

पंधरा मिनिटांनी पारूआजींचा आवाज आला, "मास्तर, ही बाई कुठं चालली रं?"



"मास्तर?" आजी मागे वळल्या. अंधारात त्यांना ते दिसले नसतील. मला दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी मान हलवली. नाही.

"आसंल भाइर," शेजारची बाई आजींना म्हणाली.

पडद्यावर बाई दुसऱ्या बसमध्ये चढली. आजींनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, "अरं, कुनाकडं निघालीय ती?" पुढून एका पाहुण्याने वळून ओठांवर बोट ठेवलं. आजींनी पदर तोंडाशी घेतला. शाळेत गुरुजींसमोर काही चुकलेल्या मुलीने घ्यावा तसा. थोड्या वेळाने त्या उठल्या, आवाज न करता, गुडघ्यावर हात ठेवून. मागोमाग वाडीवरचे एकेक जण उठले. कुणी तक्रार केली नाही. कोपऱ्यातून गोधड्या उचलून नेल्याचं मी पाहिलं.

माझी आई तिसऱ्या रांगेत होती. तिला वाचता येत नाही. हे मी पाहुण्यांना सांगितलं नव्हतं. ती शेवटपर्यंत बसून राहिली, माझ्यासाठी.

खेळ संपल्यावर बाहेर आले तर वाडीवरची मंडळी व्हरांड्यात गोधड्या अंथरून उन्हात बसली होती, जीपची वाट बघत. मास्तर त्यांच्यात होते. आजी म्हणत होत्या, "आता तरी सांग ना रं. पोचली का ती लेकीकडं?"

"अर्ध्या वाटंत उतरलेल्याला पुढचं गाव नुसतं सांगून काय उपेग, आजी? मी वाडीवर आनतो. पहिल्यापासून बसा."

"नक्की?"

"मुक्कामाची गाडी कधी चुकलीय का माझी?"

पाहुण्यांनी मला विचारलं, "ती मंडळी मधेच का उठली?" मी म्हणाले, "त्यांना लांब जायचं असतं." घरी आईने विचारलं, "आज मास्तर का नाय बोलला गो?" मी म्हणाले, "घसा बसलाय त्यांचा."

एका दिवसात दोन थापा. दोन्ही इतक्या सहज की मला त्यांची यादीही करावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आलं, तुळस, गूळ घालून काढा केला आणि बाटली माझ्या हातात दिली. "मास्तरला दे. गरम करून घे म्हनावं." मी ती बाटली नेली. न नेऊन काय सांगणार होते? मास्तर अंगणात सायकल पुसत होते. मी म्हणाले, "आईने दिलाय. तुमचा... घसा बसलाय म्हणून."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. क्षणभरच. मग बूच काढून तिथेच दोन घोट घेतले.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "सांगा आईना."

नंतर आई त्यांना बाजारात भेटली तेव्हाही त्यांनी घशाचीच गोष्ट पुढे चालवली. माझं खोटं त्यांनी सांभाळलं.

प्रोजेक्टर आला. पिवळा डाग गेला. मास्तर येत राहिले. गोधड्या टांगायचे, दोन ठोके द्यायचे आणि मागे जाऊन उभे राहायचे. स्टूल त्यांनी पुन्हा काढलं नाही. गावांतली गर्दी विरळ होत गेली; पहिल्या रांगांत आता खालच्या ओळी वाचता येणारेच बसत. फेब्रुवारीत मी हातात यादी घेऊन जाता जाता त्यांना म्हणाले, "मास्तर, वाडीवर तुम्ही बोललात तरी चालेल हं."

"चालंल म्हंता?" त्यांनी चिमटा दाबला. कट्. "बरं. बघू."

मी परवानगी दिली होती. परवानगी देणं माझ्या हातात नव्हतंच कधी. पडद्यासमोर उभं राहून "चूक झाली" म्हणणारा माणूस समोर होता, आणि मला त्याच्याकडून तेवढंही शिकता आलं नाही.

वाडीची तारीख मार्चात धरली, तेव्हा शाळेत परीक्षा निघाल्या. मग मास्तरांना चालताना दम लागू लागला. मग पाऊस, मग लावण्या. दर वेळी मी ती ओळ पुढच्या पानावर घेत गेले.

शेवटचे ते मला शहापूरच्या स्टँडवर भेटले. नाशिकला लेकीकडे निघाले होते, तिथे मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं. भेटायला या, असा त्यांनीच निरोप पाठवला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायाशी पिशवी, घड्याळ मनगटावर ढिलं झालेलं. त्यांनी रुमालात बांधलेली पुरचुंडी माझ्याकडे दिली.

"वही हाये. वाडीची फेरी राह्यलीय, सेक्रेटरीबाई. कोंबडीवाली बाई. पारूआजी सारखी विचारते, पोचली का म्हनून."

"तुम्ही आलात की करू."

"मी नाय आलो तरी गाडी सुटायला पायजेल."

तेव्हा सांगायचं होतं. गाडी लागलेली होती, वेळ होता, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीत का?"

"घेतली," ते म्हणाले.

गाडीत चढून ते सरळ दाराजवळच्या कंडक्टरच्या जागेवर बसले. कंडक्टर पोरगी आली, ती नुसती हसली. तसे ते गडबडून उठले, "सवय गो, सवय," म्हणत मागे खिडकीशी गेले. तिने बटण दाबून दोन ठोके दिले. खिडकीतून मला दिसलं, मास्तरांचा हात नकळत वर, छताच्या दोरीकडे गेला होता. दोरी तिथे नव्हती. तोच हात त्यांनी मग मला हलवला.

दिवाळीच्या आधी नाशिकहून लेकीचा फोन आला. मी ऐकून घेतलं, काय काय करायचं ते लिहिलं, सुनीलला कळवलं, शोकसभेची वेळ ठरवली. सगळं झाल्यावर घरी येऊन पुरचुंडी सोडली. वही आणि तिच्यावर चिमटा.

पानं उलटत गेले. प्रत्येकाच्या कोपऱ्याला नीट गोल भोक. "ती नाय म्हंते." "त्याला म्हाईत नाय." "आता गप राहाचं." शेवटच्या पानावर कोंबडीवाली बाई. त्या पानाला भोक नव्हतं. पानात एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती. माझं अक्षर. "आज मध्ये बोलू नये. पाहुणे आहेत. चिटणीस."

चिठ्ठीच्या कोपऱ्याला भोक पाडलेलं होतं.

म्हणजे ते काम त्यांनी पुरं केलं होतं. माझं.

गेल्या महिन्यात मुरबाडच्या बाजारात पारूआजी भेटल्या. मोहाच्या फुलांची टोपली पुढे घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं मास्तरांबद्दल बोलतील. त्या बोलल्याही, पण आधी हात धरून म्हणाल्या, "गो बाय, तुला म्हाईत आसंल. ती पोचली का लेकीकडं?"

मला माहीत आहे. एका वाक्यात सांगता आलं असतं, टोपलीशेजारी उभं राहून. मी म्हणाले, "येते आजी वाडीवर. पहिल्यापासून दाखवते."

"सांगनार कोन?"



यादी समोर आहे. शाळेची खोली: विचारलं. सुनील: तयार. दोरी, खिळे: घेतले. घंटा: माझ्याकडे. गोधड्या: घरटी एक, निरोप गेला आहे. स्टूल: सभागृहातून आणलं. सांगणार: इथली जागा मोकळी आहे. तिथे माझं नाव दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. कारण स्टुलावर बसायच्या आधी पडद्यासमोर उभं राहून, एकवीस माणसांना मास्तर का गप्प होते ते सांगावं लागेल. त्या दिवशी माझी आईही असेल.

दोन रविवार गेले. त्या पानाला अजून भोक नाही.